हॉफनर इग्निशन व्हायोलिन बेस : इंदूरच्या ऑर्केस्ट्रात नव्यानं उतरणाऱ्या बेसवाल्यासाठी

इंदूरच्या ऑर्केस्ट्रांत बेस, म्हणजे खालचे सूर देणारी चार जाड तारांची गिटार, वाजवणारा बहुतेक वेळा गिटारवरून आलेला असतो. ग्रुपमध्ये गिटारवाले तीन, बेसला कोणी नाही आणि कार्यक्रमाची तारीख ठरलेली. मग तिघांतल्या एकाच्या गळ्यात बेस पडतो. तारखाही लागोपाठच्या असतात. ४ ऑगस्ट किशोरकुमारांचा जन्मदिवस, पुढे गणपती, २८ सप्टेंबरला लताबाईंचा जन्मदिवस आणि १३ ऑक्टोबरला किशोरदांची पुण्यतिथी. किशोरदा इथल्या क्रिश्चियन कॉलेजात शिकले, लताबाई तर जन्मल्याच या गावात, त्यामुळे जुन्या गाण्यांचे कार्यक्रम इथे मनापासून होतात आणि श्रोत्यांना गाण्यातली बेसची हरकतसुद्धा पाठ असते. अशा श्रोत्यांसमोर दोन-तीन महिन्यांच्या तयारीवर उभं राहणाऱ्या मुलानं हा बेस घ्यावा का, एवढाच या परीक्षणाचा विषय आहे.

ज्या माणसामुळे हा आकार जगाला ठाऊक झाला, त्याच्या गळ्यातही बेस असाच पडला होता. बीटल्सचा पॉल मॅकार्टनी, जन्म १८ जून १९४२, लिव्हरपूल. वडील हौशी जॅझ बँड चालवायचे, ट्रम्पेट आणि पियानो वाजवायचे. त्यांनी मुलाला ट्रम्पेट घेऊन दिला. ट्रम्पेट तोंडाला असताना गाता येत नाही, म्हणून मुलानं तो दुकानात देऊन त्याबदली झेनिथ गिटार आणली. तो डावखुरा, म्हणून तारा उलट क्रमानं लावून घेतल्या. १९५७ मध्ये वुल्टनच्या चर्चच्या जत्रेत जॉन लेननशी गाठ पडली आणि पुढे बीटल्स झालेल्या लेननच्या ग्रुपमध्ये तो आला तो गिटारवाला म्हणून. पुढे बेस आला स्टुअर्ट सटक्लिफकडे. हा मुळात चित्रकार. प्रदर्शनात विकल्या गेलेल्या चित्राच्या पैशांतून त्यानं हॉफनरचाच ५००/५ या मॉडेलचा मोठा बेस घेतला होता. १९६० पासून जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या क्लबांत रोज रात्री कित्येक तास वाजवणं सुरू झालं. १९६१ मध्ये सटक्लिफ चित्रकलेसाठी बँडमधून बाहेर पडला, तेव्हा उरलेल्यांपैकी कोणालाच बेस नको होता. मॅकार्टनीची स्वस्त गिटार तोपर्यंत मोडली होती आणि तो पियानोवर बसत होता. साहजिकच बेस त्याच्याकडे आला.

फेंडर या अमेरिकन कंपनीचा बेस तेव्हा १०० पौंडांच्या घरात, म्हणजे त्याच्या आवाक्याबाहेर. हॅम्बुर्गच्या स्टाइनवेच्या दुकानात हॉफनरचा ५००/१ सुमारे ३० पौंडांना होता. शिवाय व्हायोलिनसारखा दोन्ही बाजूंनी सारखा असल्यामुळे डावखुऱ्यानं उलटा धरला तरी बेढब दिसत नव्हता. निवडीची कारणं ही दोनच, किंमत आणि आकार. हॉफनर हे घराणं १८८७ पासून मुळात व्हायोलिन बनवणारं, म्हणून १९५६ मध्ये त्यांनी आणलेल्या बेसला व्हायोलिनचं अंग मिळालं. इग्निशन ही त्या ५००/१ ची परवडणारी आवृत्ती आहे. त्यातले दोन पिकअप, म्हणजे तारांची थरथर टिपून अँपकडे पाठवणाऱ्या पट्ट्या, एकमेकांपासून लांब बसवलेले आहेत, म्हणजे मॅकार्टनीच्या १९६३ च्या दुसऱ्या बेससारखे. १९६१ च्या पहिल्या बेसवर दोन्ही पिकअप मानेकडे जवळजवळ होते.

आता वाद्याकडे येऊ. गिटारवरून आलेल्याला सगळ्यांत मोठा फायदा लांबीचा. नट (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) ते ब्रिज (अंगावरची तारा पेलणारी घोडी) अंतर, म्हणजे स्केल, इथे ३० इंच आहे. नेहमीच्या बेसचं ३४ इंच. नेहमीच्या बेसवर नट ते पहिला फ्रेट (मानेवरची आडवी धातूची पट्टी) ४८.५ मिलिमीटर, यावर ४२.८. नट ते चौथा फ्रेट तिकडे १७८ मिलिमीटर, इकडे १५७. दोन सेंटिमीटरचा हा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाबरोबर षड्ज ए तारेच्या (जाडीत दुसऱ्या तारेच्या) चौथ्या फ्रेटवर येतो, मोकळ्या, म्हणजे न दाबता वाजणाऱ्या तारा फारशा कामी येत नाहीत आणि तीन तास बोटं पसरून वाजवावं लागतं. तिथे करंगळी वाचते. गाता गाता बेस वाजवायचा असेल तर ही सोय आणखी मोलाची, कारण डावा हात न बघता जागेवर जातो.

त्याची किंमत तारेच्या ताणात मोजावी लागते. त्याच जाडीची तार त्याच सुराला लावली तर ताण लांबीच्या वर्गाप्रमाणे बदलतो. ३० भागिले ३४, त्याचा वर्ग ०.७८. म्हणजे ताण सुमारे २२ टक्के कमी. तार हाताला मऊ लागते, पण जोरात ओढली की सूर क्षणभर वर जातो आणि तार फ्रेटवर खडखडते. गिटारच्या सवयीनं पिक (तार छेडायची चकती) जोरात मारणाऱ्याला पहिले पंधरा दिवस हा त्रास होतोच. हात हलका करा, आवाज अँपवर वाढवा. अर्धा सूर खाली उतरवून वाजवणाऱ्या ग्रुपसाठी हा बेस नाही. सगळ्यांत जाड ई तार आधीच ४१.२ हर्ट्झवर सैल असते, त्याखाली ती फडफडते.

आवाजाबद्दल माझं मत पक्कं आहे. जुन्या हिंदी गाण्यांसाठी या किमतीत याच्याइतका योग्य बेस दुसरा नाही. अंग पोकळ, वरची फळी प्लायची. सूर ‘थम्’ करून उठतो आणि लवकर विरतो, वरचे स्वरांश कमी. केरव्यात पहिल्या मात्रेवर षड्ज आणि पाचव्यावर पंचम धरला, तर पुढचा सूर येण्याआधी मागचा आपोआप बाजूला होतो. तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा आणि बेसच्या खालच्या तारा आवाजाच्या एकाच पट्ट्यात बसतात. लांब टिकणारा बेस असला की डग्गा गिळला जातो, तबलजी हात जड करतो, मग बेसवाला आवाज वाढवतो आणि गायक मागे वळून बघू लागतो. या बेसनं हे भांडण मुळातच कमी होतं. पंचमदांच्या (आर. डी. बर्मन यांच्या) वाद्यवृंदात बेस वाजवणारे टोनी वाझ लक्ष देऊन ऐका. सूर कुठे वाजवला याइतकंच तो कुठे थांबवला हे तिथे कळतं. भावगीतांच्या कार्यक्रमात तर हा गुण आणखी उपयोगी.

स्लॅप, म्हणजे अंगठ्यानं तारेवर ठोके देत, वाजवायचं असेल, मेटलचा ग्रुप असेल किंवा मोठ्या सबवूफरांशेजारी उभं राहायचं असेल, तर सरळ ठोकळी अंगाचा ३४ इंची बेस घ्या. तिथे हा कमी पडतो आणि तो कमी पडणारच, त्याची घडणच तशी आहे.

फॅक्टरीतून बेसला राउंडवाउंड, म्हणजे खरखरीत तारा असतील तर त्या काढून फ्लॅटवाउंड, म्हणजे गुळगुळीत तारा लावा. हा खर्च खरेदीतच धरा. दिसायला हौस वाटते, पण या बेसचा निम्मा आवाज गुळगुळीत तारेत आहे. तारा घेताना फसगत अशी होते : पाकिटावर शॉर्ट स्केल लिहिलेलं असतं आणि तरी तार बसत नाही. कारण इथे तार ब्रिजला अडकत नाही. ती ब्रिजवरून मागे जाऊन टोकाच्या टेलपीसला अडकते. म्हणून दोऱ्यानं टेलपीसच्या खाचेपासून नटपर्यंतचं अंतर मोजा आणि तारेच्या टोकाच्या गोळीपासून जाड गुंडाळीची लांबी त्याहून जास्त आहे ना ते विचारा. गुंडाळी आखूड पडली तर तारेच्या खुंटीकडच्या टोकाला गुंडाळलेल्या रेशमी दोऱ्याचा भाग नटवर येतो आणि मोकळी तार बद्द वाजते. उलट ३४ इंची संच कापून लावला तर जाड तार खुंटीच्या बारीक दांड्याला पूर्ण जाडीनं वळवावी लागते. मग आतली तार आणि बाहेरची गुंडाळी एकमेकांपासून सुटतात आणि ती तार परत कधी जिवंत वाजत नाही.

चारही तारा एकदम कधीच काढू नका. ब्रिज लाकडी आहे, त्याला स्क्रू नाही, तो निव्वळ तारांच्या दाबानं उभा असतो. एक तार काढा, नवी लावा, सुरात आणा, मग दुसरी. सुरू करण्यापूर्वी ब्रिजच्या दोन्ही पायांभोवती कागदी चिकटपट्टीनं खूण करा. ब्रिजच्या माथ्यावर प्रत्येक तारेखाली फ्रेटच्या तारेचा एक छोटा तुकडा खाचेत नुसता ठेवलेला असतो. तार सैल झाली की तो निसटतो आणि सतरंजीत हरवतो. वाद्य मोकळ्या फरशीवर पांढरं कापड अंथरून त्यावर ठेवा.

सुराची बरोबरी तपासायची रीत : बाराव्या फ्रेटवर तारेला नुसतं बोट टेकवून निघणारा सूर, म्हणजे हार्मोनिक, वाजवा, मग तोच फ्रेट दाबून वाजवा. दाबलेला सूर चढा असेल तर त्या तारेचा तुकडा मागच्या, टेलपीसकडच्या खाचेत न्या. उतरा असेल तर पुढच्या. चारही तारा एकाच दिशेनं चुकत असतील तर तुकडे हलवू नका, अख्खा ब्रिज एक-दोन मिलिमीटर सरकवा. ई तार यावर कधी पूर्ण बरोबर बसत नाही. खालच्या सात फ्रेटांत बरोबर असली की पुरे, कारण ऑर्केस्ट्राचं जवळजवळ सगळं काम तिथेच होतं.

तारांची उंची ब्रिजच्या दोन बाजूंच्या चाकांनी बदलते. बाराव्या फ्रेटवर ई तारेखाली २.५ मिलिमीटर, सगळ्यांत बारीक जी तारेखाली २ मिलिमीटर, इथून सुरुवात करा. त्याआधी मानेचा बाक बघा. पहिला फ्रेट कॅपोनं (तारा दाबून धरणाऱ्या चिमट्यानं) धरा, शेवटचा बोटानं दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांतली फट मोजा. ०.२५ ते ०.३५ मिलिमीटर असावी. जास्त असेल तर ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतली बाक आवरणारी सळई, घड्याळाच्या दिशेनं पाव फेरा, त्याहून अधिक नाही, आणि रात्रभर तसाच ठेवून सकाळी परत मोजा. रॉड जड लागला तर थांबा, तार सैल करा. जबरदस्तीनं फिरवलेला रॉड तुटला की मान उघडावी लागते.

हे मोजमाप इंदुरात वर्षातून दोनदा तरी करावंच लागतं. मे महिन्यात पारा चाळिशीपार आणि हवा कोरडी. लाकूड आकसतं, फ्रेटांची टोकं मानेच्या कडेला हाताला टोचू लागतात, तारा खाली बसतात आणि खडखडाट सुरू होतो. जुलैत दमट हवेनं लाकूड फुगतं आणि तारा उंच होतात. गणपतीत ‘बेस जड झालाय’ अशी जी तक्रार ऐकू येते तिचं कारण बहुधा हेच. पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. उन्हाळ्यात त्या आठवणीनं काढा, नाहीतर कोरड्यात आणखी कोरडं होईल. ४५ ते ५५ टक्के आर्द्रता लाकडाला मानवते, आणि छोटा आर्द्रतामापक केसमध्ये सहज मावतो. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत बेस ठेवू नका. या बेसची मान अंगाला सरसानं जोडलेली आहे, बोल्टनं नाही.

त्या जोडामुळेच खरेदीच्या वेळी एक तपासणी चुकवू नये. मान आणि अंग यांचा कोन नंतर बदलता येत नाही. ब्रिजची चाकं अगदी खाली गेलेली असूनही बाराव्या फ्रेटवर ३ मिलिमीटरच्या वर उंची असेल, तर तो नग ठेवून द्या, दुसरा मागवा. चाकांखाली निदान २ मिलिमीटर जागा शिल्लक हवी. मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवा. एखादा सूर मुका निघाला तर पुढचा फ्रेट उचललेला असतो. खुंट्या दोन्ही दिशांना फिरवून बघा, मध्येच पोकळ फिरता कामा नये. केबल लावून जॅकपाशी हलवा, करकर आली तर नट सैल आहे. दुकानातच घट्ट करून घ्या, पण प्लग धरून, नाहीतर आतल्या वायरी पीळ खाऊन तुटतात. ऑनलाइन मागवला तर उघडताना व्हिडिओ काढा आणि या सगळ्या चाचण्या परतीच्या मुदतीत उरका.

स्विचांनी नवखे हमखास गोंधळतात. आवाजाच्या दोन चकत्या आणि तीन सरकते स्विच. एकावर ऱ्हिदम आणि सोलो. ऱ्हिदमला आवाज कमी होतो, सोलोला पूर्ण येतो. उरलेले दोन बेस आणि ट्रेबल नावाचे, पण त्यांची नावं साध्या टोन बटनासारखी समजू नका. ते पिकअप जोडतात-तोडतात. आवाज कमी ठेवून, एकेक स्विच सरकवत, छोट्या स्क्रूड्रायव्हरनं दोन्ही पिकअपवर हलकेच टकटक करा. कुठला पिकअप जिवंत आहे ते लगेच कळतं. हवी ती जोडणी सापडली की छोट्या ठिपक्यानं खूण करा. स्टेजवर अंधारात हात लागून स्विच सरकला, बेस अचानक बारीक झाला आणि दोष साउंडवाल्याला गेला, असं फार होतं. जुन्या गाण्यांसाठी मानेकडचा पिकअप पूर्ण, ब्रिजकडचा थोडासा.

ब्रिजच्या पुढे तारांखाली सेंटिमीटरभर जाडीची स्पंजची पट्टी सरकवली की सूर आणखी आखूड होतो. भांडी घासायचा कोरा स्पंज चालतो. तारा दाबल्या जाऊन सूर चढू लागला तर पट्टी पातळ करा.

स्टेजवर या बेसचा खरा शत्रू फीडबॅक. पोकळ अंग स्पीकरच्या आवाजानं थरथरतं, ते पिकअपमध्ये जातं आणि खालचा एखादा सूर न थांबता घुमत राहतो. इतर पोकळ गिटारींना वर एफच्या आकाराची छिद्रं असतात, त्यांत स्पंज कोंबता येतो. याला छिद्रंच नाहीत. म्हणून अँपच्या समोर न उभं राहता बाजूला, काटकोनात उभं राहा. मिक्सरवर ४० हर्ट्झच्या खालचं सगळं कापून टाका, मग १०० ते १६० च्या दरम्यान जो सूर घुमतोय तो शोधून ३-४ डेसिबल उतरवा. रवींद्र नाट्यगृहासारख्या बंद सभागृहात हे आधी करून ठेवावं लागतं. गणपतीच्या मोकळ्या मांडवात घुमणं कमी, पण तिथे आवाज पसरून जातो आणि अँप अपुरा पडतो. ड्रमसेटबरोबर तालमीला १०० वॉटचा बेस अँप हवा. २० वॉटचा घरगुती अँप ड्रमपुढे ऐकूही येत नाही, आणि गिटारच्या अँपमध्ये बेस मोठ्यानं वाजवला तर त्याचा स्पीकर फाटतो.

स्टेजवर डीआय बॉक्स, म्हणजे बेसचा सिग्नल मिक्सरला थेट देणारी डबी, स्वतःचा न्या. बेसचा आउटपुट मवाळ आहे, लांब केबलनं तो आणखी मंद होतो. तीन मीटरची केबल डीआयपर्यंत, तिथून माइकची केबल मिक्सरला. जनरेटरवर हमिंग आलं तर डीआयवरचा ग्राउंड लिफ्टचा (सिग्नल केबलची अर्थ जोडणी तोडणारा) स्विच दाबा, आणि अँप व मिक्सर एकाच बोर्डावरून चालवा. हमिंग थांबवायला अँपच्या प्लगची अर्थची जाड पिन कोणी काढत असेल तर त्याला ताबडतोब थांबवा. गायकाच्या माइकला ओठ आणि बेसच्या तारांना बोटं लागलेली असताना, अर्थ नसलेला अँप जीव घेऊ शकतो.

वजन अडीच किलोच्या आसपास, नेहमीच्या बेसपेक्षा पुष्कळ हलकं. तीन तासांच्या कार्यक्रमानंतर खांद्याला हा फरक कळतो. पण अंग हलकं म्हणून मान खाली झुकते, तेव्हा गुळगुळीत नायलॉनचा पट्टा नको. आतून खरखरीत कातडी पट्टा घ्या, कापड धरून ठेवणारा. डावखुऱ्यांसाठी वेगळी आवृत्ती निघते, तीच मागवा. उजव्या हाताचा उलटा करायचा म्हटलं तर नट बदलावा लागतो, आणि चकत्या-स्विच वरच्या बाजूला येऊन मनगट सतत त्यांना लागतं.

सोबत कडक केस मिळत नसेल तर वेगळी घ्या, आणि घरी आणल्याच्या दिवशीच काही फोटो काढून ठेवा : लेबल आणि नंबर असेल तो, खुंट्यांची मागची बाजू, लाकडाच्या रेषा जवळून, आणि पुढे पडत जाणारा प्रत्येक ओरखडा. मॅकार्टनीचा १९६१ चा बेस १९७२ मध्ये लंडनच्या नॉटिंग हिल भागात उभ्या गाडीतून चोरीला गेला आणि तो परत मिळाल्याचं जाहीर झालं ते फेब्रुवारी २०२४ मध्ये. कार्यक्रम संपल्यावर टेंपोत बेस सगळ्यांत शेवटी चढवा, उतरवताना सगळ्यांत आधी काढा, आणि रात्री सराफ्यात खायला थांबलात तर केस टेंपोत ठेवू नका, बरोबर घेऊन उतरा.